गोव्यात रात्रीच्या निवांत जेवणासाठी हॉटेल निवडताना या चुका टाळा

फोंड्यात राहून महिन्यातून दोनदा तरी आमचं सहा जणांचं कुटुंब रात्री बाहेर जेवायला जातं. त्यात सासूबाई आहेत, दोन मुलं आहेत आणि सोमवार-गुरुवार कडक पाळणारे दीर आहेत. एवढ्या वर्षांत जेवण फसलं त्याचं कारण बहुतेक वेळा स्वयंपाक नव्हता, निवड चुकलेली होती.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे दुपारचं हॉटेल रात्री निवडायचं. आपली फिश थाळी हे मुळात दुपारचं जेवण. सकाळी बाजारातून मासे येतात, मग उकड्या तांदळाचं शीत म्हणजे भात, हुमण म्हणजे माशाची आमटी, तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं, किस्मूर म्हणजे सुक्या माशाची कोशिंबीर, तळलेला बांगडा, सोलकढी हे सगळं साडेबारा-एकला तयार होतं आणि तीनपर्यंत उरकतं. पुण्याहून नणंद आली की म्हणते वहिनी, त्या थाळीवाल्याकडेच जाऊया रात्री, आणि तिथे गेल्यावर कळतं की रात्री थाळी नाही, चायनीज आणि तंदुरी आहे, किंवा थाळी आहे पण मासा दुपारी तळून ठेवलेला. हुमण गरम केलेलं एकवेळ चालतं, तळलेला मासा परत गरम केला की चामडं होतो. म्हणून रात्रीसाठी अशी जागा बघायची जिथे ऑर्डर दिल्यावर तवा तापतो. भाजी-पाव, पातळ भाजी, मिरची भजी मिळणारी ठिकाणं पण अशीच, ती सकाळ-संध्याकाळच्या खाण्याची, आठला तिथे खुर्च्या उलट्या ठेवायला घेतात.

दुसरी चूक, फोन न करता निघायचं. एवढं साधं आहे पण कोणी करत नाही. आपल्याकडे आठवड्याची सुट्टी प्रत्येकाची वेगळी, पणजीत रविवारी बरीच हॉटेलं बंद, कुणाचा सोमवार, चतुर्थीला तर गावंच्या गावं आपापल्या घरी. आणि मॅपवर अकरापर्यंत उघडं दिसलं म्हणजे जेवण अकरापर्यंत मिळेल असं नाही, अकरा ही बारची वेळ असू शकते, किचन त्याच्या तासभर आधी आवरतं. मी सहाच्या सुमारास फोन करते आणि तीनच गोष्टी विचारते: किचन कधी बंद होतं, आज ताजं नुस्तं (म्हणजे मासे) काय आलंय, गाणं-बजावणं आहे का. तिसरा प्रश्न लोक विसरतात. वीकेंडला कराओके असेल तर सासूबाईंना शेजारी बसून पण एक शब्द ऐकू येत नाही आणि मग त्या गप्प बसून जेवतात, ते बघवत नाही मला. उघड्यावर लाऊडस्पीकर रात्री दहानंतर कायद्याने चालत नाही, पण आपण आठला जाणार, त्यामुळे त्याचा आपल्याला उपयोग नाही.

तारे बघून निवडणं हे अजून एक. डिसेंबरात आलेल्या लोकांनी सनसेट आणि कॉकटेल बघून दिलेले तारे, त्यावरून आपल्या जुलैच्या जेवणाचा अंदाज कसा लागणार? मी सगळ्यात नवे रिव्ह्यू आधी वाचते, आणि त्यातही शेजारच्या गावातल्या माणसाने लिहिलेलं काही दिसलं तर तेच. त्याहून खात्रीचं म्हणजे आपल्या बाजारातल्या मासेवालीला विचारायचं, कुठलं हॉटेल रोज मासे नेतं ते तिला माहीत असतं.

आता माशांचंच घ्या. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस पश्चिम किनाऱ्यावर ट्रॉलरची मासेमारी बंद असते. त्या दिवसांत मेन्यूवर विसवण, चणक, मोडसो, तांबसो असे मोठे मासे सगळे जसेच्या तसे दिसत असतील तर ते बर्फातले किंवा बाहेरून आलेले असण्याची शक्यता जास्त. फ्रोझन खाल्लं म्हणून काही होत नाही, पण ताज्याचे पैसे देऊन ते खाऊ नये. पावसाळ्यात मी नदीचे शेवटे मासे मिळतात का ते विचारते, नाहीतर सरळ चिकन शागुती (भाजलेल्या खोबऱ्याच्या मसाल्यातला रस्सा) आणि पाव. सुक्या बांगड्याची किंवा सुंगटांची (कोळंबीची) किस्मूर तर त्या दिवसांत जास्तच चव देते.

नवीन जागी पहिल्यांदा गेलात तर लगेच मोठी ऑर्डर देऊ नका. एक रवा फ्राय बांगडा आणि एक सोलकढी मागवा. रेशाद मसाल्यात मासा जुना असला तरी झाकला जातो, आंबट-तिखट एवढं असतं की कळतच नाही, रव्यात मात्र पहिल्या घासाला कळतं. अख्खा मासा घेणार असाल तर तो कच्चा असताना बघायला मागा, डोळा स्वच्छ, कल्ले लाल, बोटाने दाबलं तर मांस परत वर आलं पाहिजे. चांगलं हॉटेल आनंदाने ताट घेऊन येतं.

आणि तेव्हाच दर विचारा! मेन्यूत किमतीच्या जागी 'साइजप्रमाणे' लिहिलेलं असतं ना, तिथेच गडबड होते. किनाऱ्याजवळच्या एका हॉटेलात आम्ही न विचारता चणक घेतला, ८०० चा अंदाज होता आणि बिलात २,१०० लागले, वजन साफ करायच्या आधीचं धरलेलं. वाद घातला, पण आधी विचारलं नव्हतं त्यामुळे काही झालं नाही. आता मी वजन किती, दर किती आणि वजन कच्च्याचं की साफ केलेल्याचं, तिन्ही आधी विचारते.

बाहेरून आलेल्या नातेवाइकांसोबत एक वेगळीच चूक होते, बोर्डवर 'बार अँड रेस्टॉरंट' दिसलं की ते मुलांना घेऊन आत यायला तयार नसतात. गोव्यात ते बऱ्याचदा घरगुती जेवणाचंच ठिकाण असतं, शेजारच्या टेबलावर आजोबा फेणीचा एक पेग घेऊन नातवाला फिश करी-राईस भरवत असतात. उलट अशा ठिकाणीच जेवण सगळ्यात निवांत होतं. पेग घेणार असाल तर गाडी कोण चालवणार हे घरून निघायच्या आधी ठरवा, रात्री बस मिळत नाही आणि गावात टॅक्सी पण नाही.

शिवराक, म्हणजे शाकाहारी माणूस सोबत असेल तर 'व्हेज पण मिळतं' एवढ्यावर समाधान मानू नका. तेल आणि तवा वेगळा आहे का विचारा, कारण ज्या तेलात सुंगटां तळली त्यातच चिप्स येतात. आमच्या दिरांचा सोमवार असला की आम्ही सरळ शुद्ध शाकाहारी ठिकाणी जातो, नाहीतर एक माणूस जेवणभर पापडच खात बसतो. घरात गुडघेदुखी असेल तर हॉटेल वरच्या मजल्यावर तर नाही ना, हेही फोनवरच विचारून टाका.

बिल आल्यावर एकदा वाचाच. सर्व्हिस चार्ज आपोआप लावता येत नाही, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच तसं सांगितलंय आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं. काढून टाका म्हणून शांतपणे सांगा, नाहीच ऐकलं तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. लहान हॉटेल जीएसटीच्या कंपोझिशन स्कीममध्ये (छोट्या धंद्यांनी उलाढालीवर ठरावीक दराने कर भरायची सोय) असेल तर त्याला गिऱ्हाइकाकडून वेगळा जीएसटी घेता येत नाही.

आणि एवढं करूनही माशाला वास आलाच तर? दोन घास खाऊन, अर्धी डिश संपवून मग तक्रार करू नका, पहिल्याच घासाला वेटरला बोलवा आणि आवाज न चढवता म्हणा, बाब, हें नुस्तें ताजें ना, बदलून दी. तिसऱ्या शिजून पण तोंड मिटलेल्याच असतील तर त्या तशाच बाजूला ठेवा, मुलांना उघडायला देऊ नका. बदलून दिलं तर त्या हॉटेलात परत जा. नाही दिलं तर बाकीची ऑर्डर रद्द करा, खाल्लं तेवढ्याचे पैसे द्या आणि घरी येऊन पेज आणि लोणचं खा, आम्ही एकदा तसंच केलं होतं आणि सासूबाई त्या रात्री सगळ्यात जास्त जेवल्या.