अँटेना दीर्घिकांचा फोटो: शेपट्या गायब करणाऱ्या या चुका टाळा

अँटेना म्हणजे एनजीसी 4038 आणि 4039 या एकमेकींत घुसलेल्या दीर्घिका. गाभ्याचा फोटो बहुतेकांना जमतो. निसटतात त्या गुरुत्वाच्या ओढाताणीत बाहेर फेकल्या गेलेल्या दोन लांब शेपट्या, आणि खटाटोप तर त्यांच्यासाठीच असतो.

हस्त तारकासमूहाच्या चौकोनातल्या गॅमा ताऱ्यापासून पश्चिम-नैर्ऋत्येला साडेतीन अंश सरका. 31 क्रेटेरिस हा पाचव्या प्रतीचा तारा सापडला की जोडी त्याच्या उत्तरेला पाऊण अंशावर. एप्रिलच्या मध्यावर पुण्याहून ती रात्री 11 च्या सुमारास सर्वांत उंच, 52 अंशांवर असते. 8 वाजताच शटर दाबलंत तर ती तिशीतच असते आणि खालचा धुरळा फ्रेममध्ये येतो.

शेपट्यांसकट पसारा सुमारे 20 आर्कमिनिटांचा (आर्कमिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग). एपीएस-सी (मध्यम आकाराच्या सेन्सरचा) कॅमेरा 2000 मिमी नाभीय अंतराच्या दुर्बिणीला लावला तर चौकट 40 बाय 27 आर्कमिनिट मिळते. शेपट्या मावतात, पण भोवती पुरेसं कोरं आकाश उरत नाही. मग ग्रेडियंट (आकाशाच्या उजेडाचा फ्रेमभरचा चढउतार) काढणारं सॉफ्टवेअर शेपटीलाच पार्श्वभूमी समजून वजा करून टाकतं! 600 ते 800 मिमी पुरे. तरीही सॉफ्टवेअर जिथे पार्श्वभूमी मोजतं ते आपोआप पडलेले नमुना-बिंदू एकेक तपासा, शेपटीवरचे हाताने काढा आणि पहिल्या घाताच्या साध्या उतारावर भागवा.

सगळ्यात महाग पडते ती फिल्टरची चूक. शेपट्यांचा उजेड मुख्यतः ताऱ्यांचा, सगळ्या रंगांत विखुरलेला. प्रकाशाचे दोनच अरुंद पट्टे आत सोडणारा ड्युअल-नॅरोबँड फिल्टर शहराच्या दिव्यांबरोबर त्यालाही कापतो. बरं, गाभ्यातल्या गुलाबी गाठींसाठी तरी हायड्रोजनचा लाल उजेड तेवढा सोडणारा हायड्रोजन-अल्फा फिल्टर वापरावा, तर तिथेही गोम आहे. ही जोडी सेकंदाला साधारण 1,640 किमी वेगाने आपल्यापासून दूर जातेय, त्यामुळे 656.3 नॅनोमीटरची रेषा 659.9 वर सरकते. 3 नॅनोमीटर रुंद पट्ट्याचा फिल्टर 657.8 लाच दार लावतो. 7 चा जेमतेम काठावर, 12 चा चालतो. तोही नंतर वरून मिसळायला. मूळ फ्रेम अंधाऱ्या गावाकडच्या, अमावस्येच्या आसपासच्याच हव्यात. एफ/5 ला 120 ते 180 सेकंदांच्या, एकूण निदान पाच-सहा तास.

फ्लॅट फ्रेम (एकसारख्या उजळ पृष्ठभागाचे फोटो) टाळू नका. सेन्सरवरच्या धुळीचा डाग आणि कडेचा काळोख फोटोतला पुसट उजेड ताणून वाढवल्यावर हुबेहूब शेपटीसारखे दिसतात. त्याच रात्री, फोकस न हलवता 30 फ्लॅट घ्या.

तरी शंका उरलीच तर पुढच्या रात्री कॅमेरा 90 अंश फिरवून पुन्हा फ्रेम घ्या. खरी शेपटी ताऱ्यांमधली जागा सोडत नाही. खोटी कॅमेऱ्याबरोबर फिरते. ही तपासणी नॉइज घालवण्याआधीच करा, कारण एआयवाली साधनं पुसट शेपटी गुळगुळीत करताना तिच्यात नसलेले धागेही विणतात.

कॅमेऱ्याशिवाय, दुर्बिणीला डोळा लावून पाहणाऱ्यांनी मात्र 8 इंची दुर्बिणीतून शेपट्या शोधत बसू नये. 100 पट मोठं करून तिरक्या नजरेने पाहिलं की वाकडा, काजूच्या आकाराचा धूसर ठिपका आणि त्यातली खाच दिसते.