दोह्याचा बास्केटबॉल विश्वचषक आणि कतारची सहल : मराठवाड्यातून निघणाऱ्यांसाठी

पुरुषांचा बास्केटबॉल विश्वचषक २७ ऑगस्ट ते १२ सप्टेंबर २०२७ या काळात कतारमध्ये होणार असून ३२ संघांचे सगळे सामने दोहा आणि त्याच्या परिसरातच खेळवले जाणार आहेत. स्पर्धा आणि पर्यटन एकाच खर्चात साधू पाहणाऱ्यांना ही सोय नेहमी मिळत नाही. २०२३ चा विश्वचषक फिलिपिन्स, जपान आणि इंडोनेशिया या तीन देशांत विभागलेला होता आणि पुढे विजेता ठरलेला जर्मनीचा संघ पहिल्या दोन फेऱ्या ओकिनावात व त्यानंतरचे सामने मनिलात खेळला. त्याच्या पाठीराख्यांना दोन देशांचे प्रवेश-सोपस्कार आणि मधला विमानप्रवास असा दुहेरी भार उचलावा लागला. दोह्यात मुक्काम एकदाच ठरवायचा आहे, त्यामुळे पहिला परदेश दौरा करणाऱ्यांनीही ही संधी अवश्य विचारात घ्यावी.

भारताने विश्वचषकाची मुख्य फेरी आजवर खेळलेली नाही. त्यामुळे आपल्याकडचा प्रेक्षक बहुधा एखाद्या परक्या संघाच्या प्रेमाखातर किंवा निव्वळ खेळासाठी जातो. तसे असेल तर अंतिम सामन्याचा हट्ट सोडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. अंतिम टप्प्यात सामने मोजके, तिकिटे महाग आणि कोणता संघ तिथवर पोहोचेल याचा भरवसा नाही. साखळी फेरीत मात्र एकेका दिवशी अनेक देशांचे संघ पाहता येतात आणि प्रत्येक संघाला मध्ये विश्रांतीही मिळते. २०२३ मध्ये अमेरिकेचे साखळी सामने २६, २८ आणि ३० ऑगस्टला झाले. अशा एखाद्या संघाचे वेळापत्रक धरले की एक दिवस सामन्याचा आणि एक दिवस भटकंतीचा, असा दौऱ्याचा सांगाडा आपोआप तयार होतो. गटवारीची सोडत जाहीर झाल्यावर आपल्या पसंतीच्या संघाचे दिवस मांडून घ्यावेत आणि मगच विमानाचे तिकीट काढावे. स्वस्त भाडे दिसले म्हणून आधी विमान आणि मग सामने, हा क्रम उलटा आहे.

तारखा ठरवताना घरचे पंचांगही उघडावे. २०२७ मध्ये पोळा ३१ ऑगस्टला आणि गणेश चतुर्थी ४ सप्टेंबरला येते. महालक्ष्म्या त्यापाठोपाठ येतात आणि मराठवाड्यातल्या घरांत त्या काळात बाहेरगावी असणे सहसा चालवून घेतले जात नाही. २७ ऑगस्ट ते २ सप्टेंबर हा पहिला आठवडा म्हणूनच बहुतेकांना सोयीचा ठरेल. सोयाबीनच्या काढणीला तेव्हा अवकाश असतो, मात्र मूग-उडदाची तोडणी याच दिवसांत येते. ज्यांच्या दावणीला बैल आहेत त्यांनी पोळ्याच्या दिवशी घर सोडायचे की नाही हे आपापले ठरवावे.

पासपोर्ट नसेल तर अर्ज आताच करावा, असेल तर त्याची मुदत पाहावी. प्रवासाच्या दिवशी किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट कतारसाठी लागतो. कागदपत्रांतला घोळ बहुधा नावांत निघतो. आधार कार्डावर सासरचे नाव आणि पासपोर्टवर माहेरचे, किंवा एका ठिकाणी वडिलांचे नाव मध्ये आणि दुसरीकडे ते गायब, अशी उदाहरणे घरोघरी सापडतात. विमानाचे तिकीट, हॉटेलची नोंद आणि सामन्याचे तिकीट या तिन्हींवर पासपोर्टवरचेच नाव अक्षर न अक्षर तसेच घालावे. जन्मस्थळाचेही तेच. जुन्या पासपोर्टवर औरंगाबाद किंवा उस्मानाबाद छापलेले असेल तर कतारच्या प्रवेशाच्या अर्जातही तेच लिहावे. छत्रपती संभाजीनगर किंवा धाराशिव हे आजचे नाव बरोबर असले, तरी तपासणारा अधिकारी समोरच्या पुस्तिकेशीच ताडून पाहतो.

भारतीय पर्यटकांना कतारमध्ये पोहोचल्यावर प्रवेशपरवाना देण्याची पद्धत आहे. त्यासाठी परतीचे पक्के तिकीट दाखवावे लागते आणि हॉटेलची नोंद ‘डिस्कव्हर कतार’ या अधिकृत संकेतस्थळावरूनच करावी लागते. पण मोठ्या स्पर्धेच्या काळात नियम बदलू शकतात. २०२२ च्या फुटबॉल विश्वचषकात देशात प्रवेशच ‘हय्या’ या प्रेक्षकांच्या ओळखपत्राशी जोडला गेला होता. म्हणून रद्द करता येईल असेच हॉटेल निवडावे आणि निघण्याच्या महिनाभर आधी सरकारी संकेतस्थळावर नियम पुन्हा वाचावेत. सामन्याची तिकिटे आयोजकांच्या अधिकृत विक्रीतूनच घ्यावीत. समाजमाध्यमांवर कोणी ‘जास्तीची आहेत’ म्हणून देऊ केली तर त्या वाटेला जाऊ नये.

दोह्याचे विमान मुंबईहूनच पकडावे, ही आपल्याकडची सवय सगळ्यांच्या फायद्याची नाही. छत्रपती संभाजीनगर आणि जालन्याच्या लोकांना मुंबई ठीक आहे. नांदेड, देगलूर, उदगीरकडच्यांनी मात्र हैदराबादचे भाडे आधी पाहावे. तिथूनही दोह्याला थेट विमाने आहेत आणि दोन्हीकडून हवाई प्रवास साधारण चार तासांचा आहे. ऑगस्टअखेरीस पावसामुळे रेल्वे रखडू शकते, म्हणून देवगिरी किंवा नंदीग्रामने पहाटे मुंबईत उतरून त्याच सकाळचे विमान गाठण्याचा बेत आखू नये. आदल्या दिवशी पोहोचावे. एका रात्रीच्या मुक्कामाचा खर्च चुकलेल्या विमानापेक्षा केव्हाही कमीच.

दोह्यात मुक्काम मशीरेब मेट्रो स्थानकाच्या आसपास घ्यावा. लाल, हिरवी आणि सोनेरी या तिन्ही मार्गिका तिथे एकत्र येतात. साध्या डब्याचे एका फेरीचे भाडे २ रियाल आणि दिवसभराचा पास ६ रियाल आहे. हमाद विमानतळ, कटारा ही सांस्कृतिक वसाहत आणि लुसैल हे नवे शहर लाल मार्गिकेवर, तर सूक वाकिफ हा जुना बाजार आणि राष्ट्रीय संग्रहालय सोनेरी मार्गिकेवर आहे.

आता उन्हाविषयी. मे महिन्यातली परभणी सोसलेल्या माणसाला चाळीस अंश ऐकून काही वाटत नाही, पण आपले ऊन कोरडे असते. दोह्यात त्या दिवसांत समुद्राची दमट हवा असते, घाम वाळत नाही आणि दहा मिनिटांच्या चालण्याने माणूस गळून जातो. म्हणून दिवसाची आखणी उन्हाप्रमाणे करावी. उघड्यावरची ठिकाणे सूर्योदयाच्या सुमारास उरकावीत, दुपार संग्रहालयात काढावी आणि बाजार रात्रीसाठी ठेवावा. वास्तुविशारद आय. एम. पेई यांनी रचलेले इस्लामी कलेचे संग्रहालय २००८ मध्ये खुले झाले. त्याला निवांत अर्धा दिवस द्यावा. तिथले मुघलकालीन दागिने आपल्याकडच्या पाहुण्याला विशेष रुचतील. ‘वाळवंटी गुलाब’ म्हणजे वाळवंटात पाकळ्यांसारखे वाढणारे स्फटिक, त्यांच्या आकाराचे राष्ट्रीय संग्रहालय हे वास्तुविशारद जाँ नुव्हेल यांचे काम असून ते २०१९ मध्ये सुरू झाले. शुक्रवारी संग्रहालये दुपारनंतर उघडतात, हे लक्षात ठेवून तो दिवस सामन्याला द्यावा.

ज्या दिवशी सामना नाही, त्या दिवशी वायव्य किनाऱ्यावरच्या अल झुबाराला जावे. मोत्यांच्या व्यापारावर वाढलेले आणि पुढे ओस पडलेले हे बंदर २०१३ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. वेरूळ-अजिंठ्याची सवय असलेल्या डोळ्यांना तिथे फारसे काही दिसणार नाही. किल्ला आणि वाळूतले भिंतींचे पाये, इतकेच. तरीही मोत्यांवर जगणारा तेलापूर्वीचा कतार समजून घ्यायचा तर ही जागा चुकवू नये.

सामान भरताना आईने बांधून दिलेला काळा मसाला आधी तपासावा. त्यात खसखस असेल तर तो घरीच ठेवावा, कारण आखाती देशांत खसखस अमली पदार्थांत धरली जाते. तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबीही सदऱ्याच्या खिशातून काढून ठेवावी. चघळायच्या तंबाखूवर कतारमध्ये बंदी आहे. नेहमीच्या गोळ्या असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी सोबत हवी. तिथले प्लग तीन चौकोनी पिनांचे असतात, त्यासाठी ॲडॉप्टर इथूनच घ्यावा. जेवणाची चिंता मात्र करू नये. दोह्यात भारतीयांची वस्ती मोठी आहे, शाकाहारी थाळीही सहज मिळते.

मैदानातली जागा निवडताना खालच्या रांगांचा मोह टाळावा. बास्केटमागची खुर्ची कितीही जवळची असली तरी २८ मीटर लांबीच्या कोर्टाचे पलीकडचे टोक तिथून नीट दिसत नाही. मध्यरेषेसमोरच्या वरच्या रांगेतून बचावाची रचना, सहकाऱ्याचा आडोसा (‘स्क्रीन’) घेऊन निसटणारा नेमबाज आणि रिकाम्या कोपऱ्याकडे जाणारा पास हे सगळे एका नजरेत येते आणि तिकीटही सहसा स्वस्त पडते. स्वतः बास्केटबॉल शिकवणाऱ्या किंवा खेळणाऱ्या प्रेक्षकांनी सामन्याच्या तासभर आधी आत जावे. सरावात एकेक खेळाडू ठरावीक जागेवरून ओळीने नेम कसा धरतो, हे दूरचित्रवाणीवर दाखवत नाहीत. बाहेर भट्टी आणि आत वातानुकूलनाचा गारठा असतो, म्हणून पातळ स्वेटर जवळ असू द्यावा. पिशवी लहान ठेवावी. मोठ्या पिशव्या दारातच अडवल्या जातात.

परतीचे विमान शेवटच्या सामन्याच्या रात्रीचे घेऊ नये. खेळ चाळीस मिनिटांचा असला तरी प्रत्यक्षात दोन तास जातात, बरोबरी झाल्यास पाच-पाच मिनिटांचे जादा डाव होतात आणि त्यानंतर मेट्रोच्या दारात सगळे प्रेक्षागार एकदम उभे राहते. दुसऱ्या दिवशी दुपारचे विमान घ्यावे. दोह्याचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे असल्याने दुपारी तीनला निघालेले विमान इकडे रात्री साडेनऊच्या सुमारास उतरते, हे धरूनच पुढच्या रेल्वेचे किंवा ट्रॅव्हल्सचे आरक्षण करावे.