ड्यूटीवरचा डॉक्टर भानावर नसेल तर

लातूर, नांदेड, बीडकडच्या तीस-चाळीस खाटांच्या दवाखान्यात भूलतज्ज्ञ बहुतेक एकच, तोही चार ठिकाणी फिरणारा. तो पिऊन आला तरी केस उरकून घ्यायचा मोह होतो, कारण ऐनवेळी दुसरा कुठून आणायचा? म्हणून पर्यायी डॉक्टर आधीच ठरवा, मानधन बोलून घ्या, नंबर ऑपरेशन थिएटरमध्ये लावून ठेवा. मध्यरात्री सिझेरियन खोळंबल्यावर शोधाशोध सुरू झाली की पांघरूणच घातलं जातं.

संशय आला की आधी डॉक्टरांना पेशंटपासून दूर करा. वॉर्डातले मामा-मावशी, पेशंटचे नातेवाईक यांच्यासमोर एक शब्दही नको. वरिष्ठ डॉक्टरांनी सोबत एकाला घेऊन एवढंच म्हणावं, "सर, केबिनमध्ये या, ही केस दुसरे सर बघतील." मग लगेच ग्लुकोमीटर लावा. साखर 70च्या खाली गेली तरी जीभ अडखळते, घाम फुटतो, माणूस चिडतो. बीपी, ताप, तोंड वाकडं झालंय का (लकव्याची खूण) तेही बघा. श्वासाची चाचणी संमतीनेच, आणि 15 मिनिटं काही खाऊ-पिऊ न देता. आसपास सॅनिटायझर नको, आकडा चुकतो. नकार दिला तर नकाराची नोंद करा. चाचणीची अट नियुक्तीपत्रातच असलेली बरी.

नोंदीत "दारू पिऊन होते" असा निष्कर्ष नको, दिसलं ते लिहा: "रात्री 11.40, तोंडाला वास, दोनदा तोल गेला, कॅन्युला लावताना हात थरथरत होता." खाली साक्षीदाराची सही.

त्यांना गाडी चालवू देऊ नका, खोलीवर एकटं सोडू नका. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली तर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. घरच्यांच्या ताब्यात द्या आणि फिजिशियनला कळवा.

पेशंटची वेदनाशामक इंजेक्शनं स्वतःलाच टोचून घ्यायची सवय उशिरा कळते. नोंदीत फेंटानिल किंवा पेंटाझोसिन अशा वेदनाशामकाचा पूर्ण डोस, तरी त्याच डॉक्टरांचे पेशंट वारंवार कण्हतात, मे महिन्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट: अशा वेळी रिकामे अँप्युल (इंजेक्शनच्या काचेच्या कुप्या) रजिस्टरशी ताडून बघा. उरलेलं औषध दोघांसमोर ओतून दोन सह्या घ्या.

आरडाओरडा करणाऱ्या सर्जनचं प्रकरण वेगळं, पण धोका तोच. रात्री दोनला पेशंटचं बीपी उतरलं तरी सिस्टर फोन करायला कचरते. पहिल्यांदा बरोबरीच्या डॉक्टरांनी दोन दिवसांच्या आत एकांतात बोलावं, दुसऱ्यांदा लेखी समज, तिसऱ्यांदा समिती. हात उगारला किंवा हत्यार भिरकावलं तर थेट लेखी कारवाई. लैंगिक छळ असेल तर आपसात मिटवू नका; 2013च्या कायद्याने दहा किंवा अधिक कर्मचारी असले की अंतर्गत समिती सक्तीची आहे. सर्जन कितीही केसेस आणत असला तरी नियम तोच, नाहीतर पुढची तक्रार कुणी करणारच नाही.

उपचारानंतर डॉक्टरांना परत घ्यायचं, हे मनापासून ठरवा. त्यांच्यासाठी टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर मोफत आहे. दवाखान्याशी संबंध नसलेल्या मानसोपचारतज्ज्ञांचं फिटनेस सर्टिफिकेट घ्या. सुरुवातीचे तीन महिने एकट्याने नाइट नको, औषधांच्या कपाटाची किल्ली नको, अचानक चाचणीला लेखी संमती हवी. उपचार नाकारून ते दुसरीकडे ऑपरेशनं करू लागले, तर नोंदींसह महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे लेखी तक्रार द्या.