हिल स्ट्रीट ब्लूजची थीम नीट ऐकायची असेल तर

सगळ्यात आधी, या अमेरिकन पोलीस सिरीयलची थीम, म्हणजे टायटल्सची धून, नुसती सुटी काढून ऐकू नका आणि स्किप इंट्रोचं बटण तर अजिबात दाबू नका. पहिल्या सीझनचा पहिलाच एपिसोड लावा (एनबीसी चॅनेल, जानेवारी १९८१). सकाळचा रोल कॉल, म्हणजे ड्युटीआधीची हजेरी, चालू असतो, खोली पोलिसांनी भरलेली, एकाच्या बोलण्यात दुसरा बोलतोय, कॅमेरा स्थिर नाही, त्यात सार्जंट एस्टरहाउस आजच्या भानगडी वाचून दाखवतो आणि शेवटी सांगतो, बाहेर जपून राहा. मग गॅरेजचं दार वर जातं, गाड्या बाहेर पडतात आणि पियानो सुरू होतो. तो गलका कानात असतानाच पियानो यायला हवा, खरी मजा तिथेच आहे!

आधीच्या पोलीस सिरीयल आठवा, हवाई फाइव्ह-ओ वगैरे, ढोलताशासारखे ड्रम आणि दणदणीत ब्रास, म्हणजे आता पाठलाग होणार हे आधीच कळतं. थीमचा संगीतकार माइक पोस्टने इथे बरोब्बर उलटं केलं, चित्र एवढं खरखरीत आणि संगीत एकदम हळवं, त्यामुळे हे हिरो न वाटता दमलेली, कामावर निघालेली माणसं वाटतात. आता पूर्ण एपिसोड बघा. (स्पॉयलर आहे, पण सांगतोच, हिल आणि रेन्को या दोन गस्तीच्या पोलिसांना गोळ्या लागतात.) तो संपला की लगेच टायटल्स परत लावा. तीच धून असते पण आता ती काळजीची वाटते, मला तरी दरवेळी वाटते.

मग हेडफोन घालून ऐका. एकदा फक्त पियानोचा डावा हात पकडा, एकदा वरची चाल, मग मागची वाद्यं.

सिंगल, म्हणजे थीमची वेगळी निघालेली रेकॉर्ड, शेवटी ऐका. त्यात लॅरी कार्लटनची गिटार आहे, १९८१ मध्ये ती बिलबोर्ड हॉट १०० या अमेरिकन गाण्यांच्या यादीत १० नंबरपर्यंत गेली आणि ग्रॅमीही मिळाला, पण गिटार एवढी सुरेख आहे की लक्ष तिच्याकडेच जातं आणि पियानो मागे पडतो, म्हणून शेवटी.

आणि कीबोर्डवर वाजवणार असाल तर टेम्पो वाढवू नका प्लीज, डावा हात हलका ठेवा आणि दोन ओळींच्या मधली जागा भरायला जाऊ नका, ती मोकळीच राहू दे.