माहेरचं नाव काय? वाचनालयातल्या तीन दिवसांची तयारी

८ मार्चला महिला दिन आणि १० मार्चला सावित्रीबाई फुल्यांचा स्मृतिदिन. मधला दिवस धरला की सलग तीन दिवस मिळतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या बऱ्याच वाचनालयांत या दिवसांत काही ना काही होतंच: फोटोला हार, एक व्याख्यान, चार सत्कार, चहा. संध्याकाळी खुर्च्या उचलल्या की कपाटात मात्र काही उरत नाही. तयारी सांगण्याआधी माझं एकच मागणं आहे. ११ मार्चला सकाळी कुलूप उघडाल तेव्हा तुमच्या गावातल्या बायकांविषयी, त्यांच्याच तोंडून आलेलं, कागदावर उतरलेलं असं काहीतरी फडताळात असू द्या, जे ७ मार्चला तिथं नव्हतं. खालची सगळी कामं त्यासाठीच आहेत.

सुरुवात संक्रांतीनंतर लगेच करा. पहिलं काम पैशाचंही नाही आणि परवानगीचंही नाही. माळ्यावरच्या जुन्या देवघेवीच्या वह्या खाली उतरवा, उन्हात ठेवा, झटका आणि वाचा. वर्गणीदार म्हणून बहुतेक ठिकाणी यजमानांचं नाव दिसेल. पण कुठली पुस्तकं गेली ते पाहिलं की वाचणारं माणूस कळतं. एकदा मी कवितांच्या कपाटातलं एक पुस्तक काढलं तर चाळिसाव्या पानाच्या कोपऱ्यावर हळदीचा अंगठा उमटलेला. रेषासुद्धा दिसत होत्या. वहीत ते पुस्तक एका गृहस्थांच्या नावावर तीनदा गेलं होतं. फोडणी घालता घालता ते पान कुणी उलटलं, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. अशी पुस्तकं सापडली की ती पुसू नका, पान न दुमडता बाजूला ठेवा. प्रदर्शनाच्या टेबलावर पहिल्यांदा ती मांडायची आहेत. वहीत जिथं ‘सौ.’ लावून नुसतं आडनाव लिहिलंय तिथं पेन्सिलीनं खूण करा. त्या बाईंचं पूर्ण नाव गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून घ्यायचं.

नावाचं काम दुसरं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. आपल्याकडं लग्नात तांदळाच्या ताटात नवऱ्यानं अंगठीनं नवं नाव कोरायचं आणि त्या दिवसापासून मुलगी वेगळ्या नावानं जगायची. त्यामुळं आपल्या बायकांचा इतिहास शोधायला निघालं की अर्धी वाट नावातच हरवते. रमाबाई रानडे माहेरच्या यमुना. डॉक्टर आनंदीबाई जोशीसुद्धा माहेरच्या यमुनाच. लक्ष्मीबाई टिळक मनकर्णिका होत्या, इंदिरा संत दीक्षितांच्या इंदिरा. यावर एक सोपं प्रदर्शन होतं. जाड कार्डशीटचे वहीच्या पानाएवढे तुकडे कापा, समोर माहेरचं नाव मोठ्या अक्षरात लिहा, मागं लोकांना ठाऊक असलेलं नाव, जन्ममृत्यूची सालं आणि दोन ओळींत काम. दोरीला चिमट्यानं टांगा. येणाऱ्यानं ‘यमुना’ वाचायची, कार्ड उलटायचं आणि मागं अमेरिकेतून १८८६ साली डॉक्टर झालेली बाई भेटायची. अशी दहा कार्डं पुरेत. त्याच दोरीवर वीस-पंचवीस कोरी कार्डं आणि शेजारी स्केचपेन ठेवा. येणाऱ्या बायका स्वतःचं माहेरचं नाव लिहितात, आईचं लिहितात, आजीचं लिहिताना थबकतात आणि घरी फोन लावतात. त्या फोनसाठी कोपऱ्यात एक खुर्ची ठेवा.

पुस्तकांचं टेबल लावताना नवी खरेदी नंतर, आधी आपल्या कपाटात काय आहे ते बघा. सावित्रीबाईंचा ‘काव्यफुले’ १८५४ चा, ताराबाई शिंद्यांचं ‘स्त्री-पुरुष तुलना’ १८८२ चं, रमाबाई रानड्यांच्या आठवणी १९१० च्या. ही पुस्तकं जुन्या वाचनालयांत कुठल्या ना कुठल्या आवृत्तीत निघतात. इंदिराबाईंसाठी वेगळी जागा ठेवा. त्या बेळगावच्या. पती गेल्यानंतर मुलं वाढवत त्यांनी इथंच शिक्षिकांच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकवलं, इथंच लिहिलं. १९८४ साली ‘गर्भरेशीम’ला साहित्य अकादमी मिळाली तेव्हा ती या गावाच्या हवेतल्या कवितेला मिळाली असं मी मानते. त्यांच्या कविता गावातल्या बायकांच्या आवाजात वाचून घ्या. वाचणारी शिकलेलीच हवी असं नाही. मशीनवर शिवणकाम करणाऱ्या एका मावशींनी आमच्याकडं वाचलं तेव्हा कुणाच्या हातातला कपसुद्धा वाजला नाही.

कन्नड पुस्तकं याच टेबलावर ठेवा, वेगळ्या टेबलावर नकोत. कित्तूरची राणी चन्नम्मा आपल्या काकतीची लेक. २३ ऑक्टोबर १८२४ रोजी तिच्या फौजेनं धारवाडचा कलेक्टर थॅकरे मारला, डिसेंबरात इंग्रज मोठं सैन्य घेऊन आले, ती कैद झाली आणि १८२९ मध्ये बैलहोंगलच्या किल्ल्यात गेली. झाशीच्या तेहतीस वर्षं आधीची ही लढाई. दत्तक वारस नामंजूर करायचा तोच डाव, आणि आपल्या मुलांना झाशी पाठ असते, कित्तूर नसतं. बेळवडीच्या मल्लम्माचं कार्डही लावा. शिवाजी महाराजांचं सैन्य कर्नाटकाच्या मोहिमेवरून परतताना बेळवडीला वेढा पडला आणि तिनं गढी लढवली, तिच्या पदरी बायकांची फौज होती असं इकडची परंपरा सांगते. मराठी वाचकांपुढं ही गोष्ट सांगताना कचरू नका. महाराजांना मानणारा माणूस समोरच्या शूर बाईलाही मानतो.

आता मुलाखती. तीन गल्ल्यांतून किंवा तीन वाड्यांतून मिळून सात-आठ बायका निवडा, सत्तरीच्या पुढच्या. दोघींनी जायचं, एकीनं बोलायचं, एकीनं लिहायचं. फोन विमान मोडवर टाकून रेकॉर्डिंग लावा, नाहीतर मध्येच कॉल येतो आणि नेमकं सांगणं तुटतं. पंखा बंद करा, शेजारचा टीव्ही बंद करायला सांगा. पहिलं वाक्य तुमचंच असू दे: आजची तारीख, गाव, कोण बोलतंय. मुलगा किंवा सून शेजारी बसली तर उत्तरं तीच देते, म्हणून त्यांना आधीच गोड बोलून चहाच्या कामाला लावा. बहुतेक ठिकाणी पहिलं वाक्य असंच येईल: “माझं काय लिहून घेतायसा? मी काय शिकलेली न्हाई.” थांबा, घाई करू नका. ‘तुमचं योगदान काय’ असलं काही विचारायचं नाही. सही करायला कुणी शिकवलं? शाळा कितवीत सुटली, का? स्वतःच्या हातात पहिले पैसे कधी आले आणि त्यांचं काय केलं? जात्यावरची एखादी ओवी आठवते का? ओवी सुरू झाली की मध्ये बोलू नका, आणि अडली तर पुढचा शब्द सुचवू नका.

आपल्या भागात एक प्रश्न हमखास विचारायचा. आज पंच्याहत्तरी ओलांडलेल्या कितीतरी बायका मुंबई राज्यात जन्मल्या. १ नोव्हेंबर १९५६ ला त्यांचं घर म्हैसूर राज्यात गेलं आणि १९७३ ला त्याच राज्याचं नाव कर्नाटक झालं. घर तेच, उंबरा तोच. शिवाय कित्येक जणी लग्न होऊन कोल्हापूर, चंदगड, सांगलीकडून आल्या आणि बाजारात भाजी घेता घेता कन्नड शिकल्या. त्यांना विचारा: रेशन कार्डावरचं, उताऱ्यावरचं, मतदार यादीतलं कन्नड तुम्हाला कोण वाचून देतं? पहिला कन्नड शब्द कुठं शिकलात? सीमेचा इतिहास मोर्चांचा आणि खटल्यांचा लिहिला गेला. कागद हातात घेऊन शेजारणीच्या दारात वाचून घ्यायला उभ्या राहिलेल्या बाईचा अजून लिहायचा आहे, आणि तो तिच्याशिवाय कुणाकडं नाही.

फोटोंच्या बाबतीत फार जपा. हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगते. काही वर्षांपूर्वी एका कार्यक्रमासाठी आम्ही एका आजींचा लग्नातला एकुलता एक फोटो मागून आणला आणि खळ लावून कार्डशीटवर चिकटवला. काढताना पाठीचा कागद सुटला, त्यामागं शाईनं लिहिलेलं नाव निम्मं गेलं. आजी काही बोलल्या नाहीत. पदरानं फोटो पुसला आणि डब्यात ठेवला. तेव्हापासून मी मूळ फोटो घराबाहेर नेतच नाही. खिडकीशी उजेडात, फ्लॅश न मारता, पुढून आणि मागून मोबाईलवर टिपायचा आणि तिथल्या तिथं परत द्यायचा. प्रत छापून ती टांगायची. कागद मागून आणावाच लागला तर पावती लिहून द्या, दोन प्रती, एक त्यांच्याकडं.

संमतीही लेखी घ्या, मराठी किंवा कन्नड, ज्या भाषेत बाई बोलतात त्या भाषेत, आणि मोठ्यानं वाचून दाखवून. नाव छापायचं नसेल तर नको, एखादा भाग गाळायचा असेल तर गाळायचा, दोन महिन्यांनी मन बदललं तरी काढून टाकायचं. सौंदत्तीच्या यल्लम्माशी ज्यांची आयुष्यं बांधली गेली त्या बायकांकडं जाताना तर हे शंभर वेळा आठवा. मुली देवाला सोडण्यावर कर्नाटकात १९८२ साली कायद्यानं बंदी आली, पण फॉर्मवर ‘वडिलांचं नाव’ या रकान्यापुढं त्यांची मुलं अजून अडतात. त्यांच्या इच्छेशिवाय फोटो नाही, गावाचं नाव नाही, काही नाही.

निपाणीच्या वाचनालयांना वेगळं सांगते. तुमच्या गावचा स्त्री-इतिहास तंबाखूच्या वखारीत आहे. ठसका लागणाऱ्या धुळीत कळ्या निवडणाऱ्या, घरी मांडीवर सूप घेऊन हजारावर मजुरी मोजत विड्या वळणाऱ्या बायकांनी ऐंशीच्या सुमारास संघटना बांधली. त्यांच्यावर युगांतर या स्त्रियांच्या चित्रपट-गटानं १९८२ साली माहितीपट केला. रीतसर परवानगी काढून तो दाखवता आला तर दुसऱ्या दिवसाचा कार्यक्रम तोच. दाखवताना त्या काळी वखारीत काम केलेल्या बायकांना पुढच्या रांगेत बसवा आणि नंतर माईक त्यांच्या हातात द्या. एखादं सूप, कात्री, दोऱ्याची रीळ मांडलीत तर त्या आपसूक उठून हात चालवून दाखवतात. ते चित्रित करा.

वेळ ठरवताना बायकांचं घड्याळ बघा. दुपारी तीन ते पाच बरी: जेवणं आवरलेली, धारेला अवकाश. गल्लीत पाणी सुटायचा दिवस आणि बाजारचा दिवस टाळा. गावात लक्ष्मीची यात्रा ठरली असेल तर तारखा सरळ मागंपुढं करा, कुणी येणार नाही आणि येऊही नये. मार्चमध्ये पीयूसीच्या परीक्षा असतात, म्हणून मदतीला बारावीच्या मुली धरू नका, डिग्रीच्या धरा. लांबून येणाऱ्यांना आठवण करा की जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकात राहणाऱ्या बायकांना राज्याच्या साध्या बसमध्ये तिकिटाचे पैसे पडत नाहीत, फक्त कर्नाटकातला पत्ता असलेलं ओळखपत्र जवळ हवं. खानापूरच्या आतल्या खेड्यांतून येणाऱ्यांसाठी परतीच्या शेवटच्या बसची वेळ निमंत्रणातच छापा.

हळदी-कुंकू ठेवू नका. गर्दी जमते, मान्य. पण ज्यांची आठवण लिहून घ्यायची त्यातल्या बहुतेक जणी विधवा आहेत आणि त्या वाणाच्या दारातूनच परत फिरतात. सावित्रीबाईंच्या नावानं जमून त्यांनाच बाहेर ठेवायचं हे मला सहन होत नाही. फूल द्या, पुस्तक द्या, सगळ्यांना सारखं.

ग्रामपंचायतीच्या ग्रंथालयात, म्हणजे आताच्या अरिवु केंद्रात, करणार असाल तर पीडीओंना, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांना, महिनाभर आधी पत्र द्या आणि पोच घ्या. फलक कन्नड आणि मराठी दोन्हींत करा, कन्नड मजकूर कन्नड शाळेतल्या बाईंकडून तपासून घ्या. चुकीच्या कन्नडचा फलक लावला तर लोकांना तो अनादर वाटतो, आणि त्यात त्यांचं चुकत नाही. खुर्च्या, सतरंजी, पाण्याचा पिंप, उघडं आणि स्वच्छ बायकांचं स्वच्छतागृह हे आदल्या दिवशी स्वतः जाऊन बघायचं. खायला चिरमुरे, फुटाणे, चहा बास. कुंद्यावर पैसे घालण्यापेक्षा त्यातून फोटोंच्या प्रती निघतील.

भाषण वीस मिनिटांचं एकच, तेही पहिल्याच दिवशी. दुसरा दिवस ऐकण्याचा. १० मार्चला मुलाखती दिलेल्या बायकांना बोलवा आणि त्यांचंच सांगणं त्यांच्यापुढं वाचून दाखवा. ‘नाही ग, तसं नव्हतं’ असं कुणी म्हटलं की तिथंच दुरुस्त करा. खरा मसुदा तेव्हा तयार होतो. प्लेगात रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई १८९७ साली ज्या दिवशी गेल्या तोच हा दिवस, हे सांगायला एक मिनिट पुरतं.

११ मार्चला वाचनालय वेळेवर उघडा. दोरीवरची कार्डं उतरवून क्रमानं लावा, मुलाखतींचे कागद छिद्रं पाडून फाईलला लावा, रेकॉर्डिंग दोन पेनड्राइव्हवर घाला, एक वाचनालयात, एक दुसऱ्या घरी. मग दाखल नोंदवही उघडून फाईलला इतर पुस्तकांसारखाच दाखल क्रमांक द्या. लेखक या रकान्यात प्रत्येकीचं नाव, माहेरचं आधी, सासरचं नंतर. फाईल कुलपाच्या कपाटात नको, वाचकांच्या हाताला येईल अशा फडताळात ठेवा. आणि त्याच संध्याकाळी प्रत्येकीच्या घरी कुणीतरी जाऊन तो क्रमांक चिठ्ठीवर लिहून द्या.