मुरमुऱ्याचे लाडू, कमी पाकाचे

१०० ग्रॅम मुरमुरे, २०० ग्रॅम गूळ. मुरमुऱ्याच्या लाडवाचं घरोघरचं माप साधारण हेच. संक्रांतीला, यात्रेत, किंवा तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी घेऊन दारोदार फिरणाऱ्या लेकरांच्या हातावर पडतो तो हाच लाडू. एवढ्यात १५ ग्रॅमचे २० लाडू होतात, म्हणजे एका लाडवात १० ग्रॅम गूळ. लेकरानं दोन खाल्ले की २० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेचा २०१५ चा सल्ला असा, की वरून घातलेली साखर दिवसभराच्या उष्मांकाच्या १० टक्क्यांखाली असावी आणि जमल्यास ५ टक्क्यांखाली. दिवसाला २००० कॅलरी खाणाऱ्या मोठ्या माणसासाठी हे ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम. लेकराचा वाटा त्याहून कमीच. आणि या हिशेबात गूळही साखरच धरतात. गुळात थोडंफार लोह, थोडे क्षार असतात, पण १०० ग्रॅममागे कॅलरी साखरेच्या जवळपासच, ३८० च्या घरात. तेव्हा ‘आम्ही गुळाचा करतो, चालतं’ हे समाधान फार पुरत नाही.

मग गूळ निम्मा घातला तर? लाडू वळतच नाही, भुगा होतो. कारण लाडवात गुळाला दोन कामं असतात, गोडी देणं आणि चिकटवणं. गोडी कमी झालेली जीभ आठवड्यात पचवते, चिकटपणा कमी झालेला लाडू हातातच फुटतो. म्हणून गूळ कमी करायचा तर चिकटवायचं काम दुसऱ्या कुणाला तरी द्यावं लागतं. दाण्याचा भरड कूट आणि तिळातलं तेल ते काही अंशी करतात, खजूर पुष्कळ करतो, आणि गडचिरोली-चंद्रपूरकडे मोहाचं फूल एकटंच सगळं करतं.

आधी मुरमुरे

बाजारातून आणलेले मुरमुरे थेट पाकात टाकू नका. आठवडी बाजारात उघड्या पोत्यातून मापलेला माल हवेतली ओल धरून बसलेला असतो. असे सादळलेले मुरमुरे पाकात गेले की लाडू दातांना चिवट लागतो आणि दोष गुळावर येतो. आधी चाळा, तळाची रेती निघेल (मुरमुरे तापलेल्या रेतीत फुलवलेले असतात). मग जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर ४-५ मिनिटं हलवत राहा. एक दाणा दोन बोटांत दाबून पाहा. दबला तर अजून कच्चा, कट्ट करून फुटला तर झाला. एप्रिल-मे महिन्यात गॅस जाळायची गरजच नाही. स्वच्छ कापडावर पसरून दुपारचं दोन तासांचं ऊन पुरतं. वर्तमानपत्रावर मात्र पसरू नका, शाई अन्नाला लागते.

मुरमुऱ्यात मीठ असतं, म्हणून मुरमुऱ्याच्या लाडवात वेगळं मीठ घालायचं नाही.

पाकाची वडी, पण गूळ तिसऱ्या हिश्श्याच्या थोडा वर

लाडू वळण्यापेक्षा थाळीत थापून वडी पाडणं इथे बरं. वळताना मधे पोकळ जागा राहतात आणि त्या भरायला पाक जास्त लागतो. दाबून थापलं की दाण्याला दाणा भिडतो, कमी पाकात काम भागतं.

२४ वड्यांसाठी:

मुरमुरे ५० ग्रॅम (मध्यम वाटीनं साधारण ४ वाट्या)
फल्लीदाणे (शेंगदाणे) ८० ग्रॅम
फुटाण्याची डाळ ५० ग्रॅम
तीळ ३० ग्रॅम
जवस २० ग्रॅम
गूळ १३० ग्रॅम
तूप १ लहान चमचा, थाळीला लावायला थोडं वेगळं
खायचा सोडा चिमूटभर, सुंठ पूड अर्धा चमचा

फल्लीदाणे निवडून घ्या. सुरकुतलेला, काळपट, बुरशी धरलेला दाणा थेट फेकायचा. त्या बुरशीचं विष भाजल्यानं पुरतं जात नाही. उरलेले मंद आचेवर भाजून, सालं पाखडून, अर्धे पाटा-वरवंट्यावर किंवा खलबत्त्यात भरड करा आणि अर्ध्यांच्या नुसत्या पाकळ्या सोडवा. तीळ तडतडेपर्यंत भाजा. जवसही तडतडेपर्यंत, पण झाकण हाताशी ठेवा, ते अंगावर उडतं. भाजलेलं जवस जाडसर कुटा. अख्खा दाणा दाताखाली सुटला तर पोटातून तसाच्या तसा बाहेर जातो, उपयोग शून्य. मुरमुऱ्यांतले मूठभर हातानं चुरडून घ्या, हा चुरा फटी भरतो.

आता सगळं कोरडं साहित्य एका मोठ्या गंजात (पातेल्यात) एकत्र करून तो गंज चुलीच्या कडेला किंवा गरम तव्यावर ठेवा. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि फसतात. साहित्य थंड असेल तर पाक पडताक्षणी जागच्या जागी गोठतो. अर्धे मुरमुरे कोरडे राहतात आणि अर्ध्यांचा दगड होतो. पाक भरपूर असला की ही चूक झाकली जाते, १३० ग्रॅममध्ये झाकली जात नाही. थाळी आणि वाटीच्या बुडाला तूपही आताच लावून ठेवा, नंतर वेळ मिळत नाही.

गूळ बारीक चिरा, त्यात दोन मोठे चमचे पाणी घाला, मंद आचेवर विरघळवा आणि एकदा गाळा. खडे, उसाची चिपाडं निघतातच. पुन्हा कढईत ओतून तूप घाला आणि मध्यम आचेवर सराट्यानं हलवत राहा. आधी मोठे बुडबुडे येतात, मग बारीक दाट फेस होतो आणि रंग एक घर गडद होतो. इथून पुढे नजर काढायची नाही. वाटीत थंड पाणी घ्या, दर अर्ध्या मिनिटाला पाकाचा थेंब टाका.

थेंब पाण्यात पसरला तर कच्चा. बोटांनी गोळा झाला पण दाबल्यावर मऊ राहिला, तरी अजून थांबा; या पाकात पाणी उरलेलं असतं, ते मुरमुरे पितात आणि वडी संध्याकाळपर्यंत मऊ पडते. गोळी थाळीवर टाकल्यावर टण्ण वाजली आणि काचेसारखी तुटली, तर तो चिक्कीचा पाक. आपल्याला हवा तो या दोहोंच्या मधला: गोळी घट्ट असावी, वाकवल्यावर थोडी वाकून मग तुटावी. चिक्कीच्या पाकापर्यंत नेला तर एवढा थोडा पाक सगळीकडे पोचायच्या आत थिजतो.

तो टप्पा आला की आच बंद करा, सुंठ आणि सोडा टाका, जोरात ढवळा. गुळातल्या आंबटपणाशी सोडा भिडला की पाक फसफसून वर येतो, हलका आणि फिकट होतो. कमी गुळाच्या वडीत सोड्याचं काम हेच, फुगलेला पाक जास्त मुरमुऱ्यांवर पसरतो. मात्र चिमटीपेक्षा जास्त झाला तर साबणासारखी चव येते.

लगेच कोरडं साहित्य ओता, खालून वर असं १५-२० वेळा परता आणि थाळीत काढा. १० इंची थाळीत बोटभर जाडीचा थर बसतो. तूप लावलेल्या वाटीच्या बुडानं कडेपासून मधे दाबत या. जोर लावा, इथे हात हलका ठेवून चालत नाही. दोन-तीन मिनिटांत, गरम असतानाच, सुरीनं रेघा पाडा. पूर्ण निवल्यावर कापायला गेलात तर सुरी जाईल तिथे तडा जाईल. वड्या सुट्या करायच्या त्या अर्ध्या तासानं.

मिश्रण थापायच्या आत कडक झालं तर पाणी शिंपडू नका. गंज मंद आचेवर मिनिटभर ठेवा, पाक पुन्हा सैल होतो. निवल्यावरही वडी चिकट राहिली तर एक तर पाक कच्चा होता, नाही तर गूळ जुना होता. ओल धरून काळा, चिकट पडलेल्या गुळाचा पाक कितीही आटवला तरी नीट बसत नाही, आणि बसला तरी हवेतलं पाणी ओढतो. असा गूळ भाजी-वरणात संपवा. दुसऱ्या टोकाला, लख्ख पिवळा दिसणारा गूळ बऱ्याचदा रसायनानं उजळलेला असतो. करड्या-तांबूस रंगाचा, फोडल्यावर आत खडीसारखा दिसणारा घ्यावा.

या वडीत सुमारे साडेपाच ग्रॅम गूळ आणि पावणेदोन ग्रॅमच्या आसपास प्रथिनं येतात. जुन्या लाडवात प्रथिनं अर्धा ग्रॅमही नसतात. पण एक गोष्ट सांगायलाच हवी: कॅलरी यात कमी नाहीत. १५ ग्रॅमचा जुना लाडू ५५ कॅलरींचा असेल, तर ही वडी ६५ च्या पुढे जाते, कारण दाणे-तीळ-जवसात तेल असतं. पोट धरून राहतं आणि दुसरी वडी मागावीशी वाटत नाही हा फायदा खरा. वजन उतरवायचा खाऊ म्हणून मात्र तिच्याकडे पाहू नये.

ज्वारीच्या लाह्या आणि खजूर, पाकाशिवाय

मुरमुरे म्हणजे कांडून कोंडा काढलेला तांदूळ. ज्वारीच्या लाहीत कोंड्यासकट अख्खा दाणा फुललेला असतो, म्हणून तंतू जास्त. नागपंचमीच्या आसपास बाजारात तयार लाह्या मिळतात, एरवी घरी फोडायच्या. त्यासाठी कडक, गोल, टणक दाण्याची ज्वारी लागते. भाकरीची मऊ ज्वारी नीट फुलत नाही. पाव किलो ज्वारीवर ३-४ मोठे चमचे कढत पाणी शिंपडून चोळा, कापडात बांधून रात्रभर ठेवा, सकाळी सावलीत तासभर पसरा. दाणा हाताला कोरडा लागला पाहिजे, आतली ओल राहिली पाहिजे. तीच ओल वाफ होऊन दाणा फोडते. लोखंडी कढई कडकडीत तापवून एका वेळी एकच मूठ टाका आणि कापडाच्या बोळ्यानं फिरवा. कढई कमी तापली तर ओल हळूहळू उडून जाते आणि दाणा नुसताच भाजतो. शेवटी चाळून न फुटलेले गणंग काढून टाका. एक गणंग लाडवात राहिला तरी दाढ हलते.

लाह्या ५० ग्रॅम, बिया काढलेला मऊ खजूर १५० ग्रॅम, दाण्याचा कूट ८० ग्रॅम, भाजलेले तीळ ३० ग्रॅम, तूप १ मोठा चमचा, मीठ चिमूटभर.

अर्ध्या तुपात लाह्या दोन मिनिटं परतून बाजूला ठेवा. खजुरात पाणी असतं आणि ते लाही ओढून घेते; तुपाचा हात बसला की ओढण्याचा वेग मंदावतो. उरलेल्या तुपात खजूर मंद आचेवर ३-४ मिनिटं सराट्यानं ठेचत गोळा करा. कोरडा, कडक खजूर असेल तर आधी वाफवून घ्या. पाण्यात भिजवलात तर लाडू लगेच ओला होईल. गोळा कोमट झाल्यावर कूट आणि तीळ मळा आणि लाह्या सगळ्यांत शेवटी घाला. त्यातला पाव भाग चुरडून घातलात तर बांधणी घट्ट होते. हाताला तूप लावून दाबून वळा. २० च्या आसपास होतात.

हा लाडू पहिल्या दिवशी कुरकुरीत, तिसऱ्या दिवशी मऊ. त्यावर इलाज नाही, थोडेच करावेत. आणि खजुराचा म्हणून मधुमेह असलेल्या आजीला बिनधास्त देऊ नका. वरून गूळ नसला तरी खजुराच्या वजनात निम्म्याहून जास्त साखरच असते.

मोहाची फुलं मिळत असतील तर

पूर्व विदर्भात मार्च-एप्रिलमध्ये वेचून वाळवलेली मोहफुलं वर्षभर घरात असतात. मनुकांसारखी तांबूस, कोरडी फुलं घ्या. दारूसारखा आंबट वास येत असेल तर ती आंबलेली, लाडवाच्या कामाची नाहीत. हातानं चोळून आतले केसर आणि माती झाडा. १५० ग्रॅम फुलं अगदी मंद आचेवर ८-१० मिनिटं भाजा. आच वाढली तर फुलातली साखर जळून लाडू कडू होतो. गडद होऊन फुगल्यासारखी झाली की गरम असतानाच भाजलेल्या ६० ग्रॅम तिळासोबत कुटायला घ्या. निवली की ती कडक होतात. कुटता कुटता गोळा आपोआप चिकट होतो. त्यात ६० ग्रॅम दाण्याचा कूट आणि दोन मुठी लाह्या घालून वळा. गूळ, खजूर काही लागत नाही. वास उग्र असतो. पहिल्यांदा खाणाऱ्याला निम्मं मोह, निम्मा खजूर असा करून द्यावा.

ठेवणं आणि देणं

पाकाची वडी पूर्ण निवल्यावरच स्टीलच्या घट्ट डब्यात भरा. कोमट भरली तर झाकणाला घाम येतो आणि वरचा थर त्याच रात्री सादळतो. थंडीत १०-१२ दिवस टिकते, पावसाळ्यात ४-५. उन्हाळ्यात गूळ पाझरतो, शिवाय दाणे आणि जवस लवकर खवट होतात, तेव्हा मे महिन्यात जवस गाळलेलं बरं. घालायचंच तर त्याच दिवशी कुटून.

पाच वर्षांखालच्या लेकरांना दाण्याच्या पाकळ्या आणि अख्ख्या लाह्या घशात अडकू शकतात. त्यांच्यासाठी सगळं बारीक कुटून लहान, मऊ गोळ्या करा. मध कुठेच घातलेला नाही. घरात कुणी घालणार असेल तर वर्षाच्या आतल्या बाळाला तो लाडू द्यायचा नाही.

थाळीच्या कडेचे तुकडे आणि तळाचा भुगा फेकू नका. सकाळी वाटीभर गरम दुधात टाकून लगेच खायला द्या, नाही तर दोन मिनिटांत त्याची लापशी होते.