वाळवंटी धावपट्टीचे हवामान: या चुका टाळा

इंदूरला वैमानिक होऊ पाहणाऱ्या मुलांचे ग्राउंड क्लास घेताना दरवर्षी एक वाक्य हमखास कानावर येते. "सर, जोधपूर आपल्यापेक्षा हजार फुटांनी खाली आहे, तिथे विमान सहज उठेल." इंदूरची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे 1,850 फुटांवर आणि जोधपूरची सुमारे 700 फुटांवर आहे, हे खरे; पण विमान उचलले जाते ते हवेच्या घनतेवर. जानेवारीच्या सकाळी इंदूरला 10 अंश तापमान असताना डेन्सिटी अल्टिट्यूड, म्हणजे हवेच्या घनतेनुसार विमानाला जाणवणारी उंची, 1,700 फुटांच्या आसपास असते. मे महिन्याच्या दुपारी जोधपूरला 45 अंश झाले की ती 4,500 फुटांवर जाते, कारण त्या उंचीसाठी धरलेल्या प्रमाण तापमानापेक्षा वरच्या प्रत्येक अंशामागे साधारण 120 फुटांची भर पडते. शिवाय उन्हाळ्यात थरच्या वाळवंटावर हवेचा दाब कमी असतो. क्यूएनएच, म्हणजे समुद्रसपाटीला धरून सांगितलेला हवेचा दाब, 998 हेक्टोपास्कल मिळाला, तर हाच हिशेब 5,000 फुटांपर्यंत पोचतो. अशा विरळ हवेत स्पीड इंडिकेटर नेहमीचाच वेग दाखवतो, विमान मात्र प्रत्यक्षात सुमारे 8 टक्के अधिक वेगाने पुढे जात असते आणि थांबायला लागणारे अंतर त्याहूनही अधिक वाढते. सेसना 172 च्या पुस्तिकेतले उड्डाणाचे तक्ते 40 अंशांवर संपतात. राजस्थानातल्या फलोदीला 19 मे 2016 रोजी 51 अंशांची नोंद झाली होती. तक्ता जिथे संपतो, तिथे माझे उड्डाणही संपते. पुढचा आकडा अंदाजाने लावणाऱ्या विद्यार्थ्याला मी त्या दिवशी वही मिटायला सांगतो. मे-जूनमध्ये सकाळी आठच्या आत निघणे, ही माझी सवय आहे.

मेटारमधली, म्हणजे विमानतळाच्या हवामान अहवालातली, वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असते. 0900 म्हणजे आपल्याकडचे दुपारचे अडीच. सकाळचे नऊ नव्हेत.

दुसरी चूक धुळीची आहे आणि ती मी स्वतः जवळून पाहिली आहे. जून महिना होता, दोन इंजिनांचे छोटे विमान होते आणि मी सहवैमानिक होतो. राजस्थानातल्या एका विमानतळावर दुपारी उशिरा पोचलो, तेव्हा वरून धावपट्टी स्वच्छ दिसत होती. तिच्यावरचे पांढरे आकडेसुद्धा वाचता येत होते. कॅप्टन निर्धास्त झाले. फायनलवर, म्हणजे धावपट्टीच्या रेषेतल्या उतरण्याच्या शेवटच्या टप्प्यावर, वळलो आणि समोर फक्त तांबूस भिंत उरली. याचे कारण साध्या भूमितीत आहे. हजार फुटांवरून सरळ खाली पाहिले, तर नजरेला 300 मीटर धूळ भेदावी लागते. त्याच उंचीवरून तीन अंशांच्या उतारावर धावपट्टीकडे पाहिले, तर जवळजवळ 6 किलोमीटर. आम्ही धावपट्टी शोधत खाली जात राहिलो. तेवढ्यात टॉवरने सांगितलेला नैर्ऋत्येचा मंद वारा एकाएकी उत्तरेचा झाला आणि उजवा पंख जोरात उचलला गेला. आंधी, म्हणजे धुळीचे वादळ, अजून बरीच दूर दिसत होती, पण तिच्यापुढे धावणारा वारा आमच्यापर्यंत आला होता. "गो-अराउंड" (उतरणे सोडून पुन्हा वर जाणे) हा शब्द मी उच्चारला खरा, पण किमान पाच सेकंद उशिरा. अहमदाबादला उतरल्यावर इंजिनाचा एअर फिल्टर काढला, तेव्हा मैद्यासारखी बारीक धूळ तळहातावर सांडली. परत वळण्यापुरते इंधन होते, म्हणूनच हे लिहितो आहे.

तेव्हापासून धावपट्टी डोक्यावरून दिसली, या एका गोष्टीवर मी कधीही उतरण्याचा निर्णय घेतलेला नाही. पाचशे फुटांवर धावपट्टी स्पष्ट नसेल, तर दुसरा विचार न करता वर जायचे, आणि आंधीच्या दिवसांत एका तासाचे जास्तीचे इंधन घ्यायचे. वजन वाढते अशी तक्रार करणाऱ्यांनी तेवढ्या वजनाचे सामान उतरवावे. मोबाइलवरचे सूर्याचे पिवळे चित्र पाहून "हवा मोकळी आहे" असे सांगणाऱ्या मुलांचा मला मनापासून राग येतो, कारण त्या चित्रात धूळ नसते.

क्रॉसविंडचा, म्हणजे आडव्या वाऱ्याचा, हिशेब तोंडपाठ असावा. जोधपूरची धावपट्टी 05/23 आहे, म्हणजे तिच्या दोन दिशा सुमारे 50 आणि 230 अंश. वारा तिला 60 अंशांच्या कोनात आला, तर त्याचा सुमारे 87 टक्के भाग आडवा लागतो.

जोधपूर, जैसलमेर, बिकानेरजवळचे नाल आणि भुज हे हवाई दलाचे तळ आहेत. परवानगी आणि वेळा निघण्यापूर्वीच पक्क्या कराव्यात.

हिवाळ्यात पहाटेच्या धुक्याकडे दुर्लक्ष करू नये. आणि विमान उभे केल्यावर, चहाला जाण्याआधी, वेग मोजणाऱ्या पिटो नळीवर टोपण चढवावे. वाळू अर्ध्या तासातही आत शिरते.